दुनळीच्या नळीखालचे शिक्के

१/
जुनी दुनळी बंदूक विकायला निघते, तेव्हा तिचे दर्शन ठरावीक क्रमाने घडवले जाते. आधी दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कोरलेले नाव, मग बाजूच्या पत्र्यांवरची वेलबुट्टी, मग अक्रोडाच्या दस्त्यावरचे रेषांचे वळण, आणि शेवटी एखाद्या संस्थानिकाची गोष्ट. खटका सरकवून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या कराव्यात आणि त्या उलट्या धरून दाखवाव्यात, अशी मागणी क्वचितच कोणी करतो. वास्तविक त्या बंदुकीचा एकमेव विश्वासार्ह दस्तऐवज तिथेच, नळ्यांच्या बुडाशी असलेल्या सपाट भागावर ठोकलेला असतो. किंमत तिथून ठरायला हवी. ती ठरते मात्र नावावरून आणि गोष्टीवरून, आणि त्यात गिऱ्हाइकाचे पैसे जातातच, शिवाय इतिहासाचेही नुकसान होते.

२/
हे शिक्के आले कुठून? लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या मंडळाला १६३७ साली राजाची सनद मिळाली. बर्मिंगहॅमला स्वतःचे प्रूफ हाउस संसदेच्या कायद्याने १८१३ साली मिळाले. तिथले काम सांगायला सोपे होते. नेहमीच्या काडतुसापेक्षा बराच जास्त भार नळीत भरायचा, भिंतीआड उभे राहून उडवायचा आणि नळी फाटते, फुगते की टिकते ते पाहायचे. टिकली तर शिक्का मारायचा. म्हणजे हा शिक्का जाहिरातीचा नव्हता. विकणाऱ्याशी हितसंबंध नसलेल्या तिसऱ्या संस्थेने दिलेली ती साक्ष होती. पुढे १८६८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये कसोटी न झालेली किंवा कसोटीबाहेर गेलेली बंदूक विकणे गुन्हा ठरले. तो कायदा आजही तिथल्या जुन्या बंदुकांच्या बाजाराचा कणा आहे.

३/
इतिहासाच्या अभ्यासकाला यात विशेष रस वाटावा, कारण शिक्क्यांचे नियम वेळोवेळी बदलत गेले आणि प्रत्येक बदलाने बंदुकीवर आपल्या काळाची खूण ठेवली. नळीचे तोंड किंचित आवळलेल्या, म्हणजे चोक असलेल्या बंदुकांवर १८७५ ते १८८७ या काळात ‘नॉट फॉर बॉल’ असे शब्द ठोकले जात. अशा नळीतून एकसंध गोळी झाडू नये, असा त्याचा अर्थ. मुकुटाखाली ‘एनपी’ ही अक्षरे दिसली, तर ती धूररहित दारूची कसोटी होय आणि तो शिक्का १९०४ नंतरचा. चौरस इंचाला ३ टन असा दाबाचा आकडा लिहिलेला असेल, तर कसोटी १९५४ नंतरची. नाणकशास्त्राचा विद्यार्थी टांकसाळीच्या खुणेवरून जे करतो, तेच इथे करता येते.

४/
यात एक खाचखळगा आहे. जुनी बंदूक पुन्हा कसोटीला पाठवता येते आणि मग १८८० च्या नळीवर १९६० चा शिक्काही बसतो. त्यामुळे सर्वांत नवा शिक्का बंदुकीचे वय सांगत नाही; तो फक्त शेवटच्या परीक्षेची तारीख सांगतो. वय सर्वांत जुन्या शिक्क्यावरून काढायचे. विक्रेता मात्र सोयीप्रमाणे दोन्ही वापरतो. मोल वाढवायचे असेल तेव्हा जुना दाखवतो, मजबुतीची शंका आली की नवा.

५/
आता शिक्क्यांमधला सर्वांत दुर्लक्षित आणि किमतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आकडा. ‘बारा बोअर’ हे माप शिशावरून आले. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतल्या एकीचा जो व्यास, तो नळीचा आतला व्यास: ०.७२९ इंच. परंतु कारागीर नळी हाताने कोरत असल्यामुळे प्रत्येक नळी नेमकी तेवढी नसे. म्हणून १९५४ पूर्वी प्रूफ हाउस कसोटीच्या वेळचे माप नळीवर कोरून ठेवी. ‘१२’ म्हणजे ०.७२९, ‘१३’ च्या खाली ‘१’ म्हणजे ०.७१९, नुसते ‘१३’ म्हणजे ०.७१०. तीनही बंदुकांत बारा बोअरचेच काडतूस बसते.

६/
या आकड्याचा उपयोग असा. जुन्या काडतुसांच्या टोपीतली रसायने नळी गंजवत. कोकणासारख्या दमट मुलखात एक पावसाळा हयगय झाली, तरी नळीत गंजाचे बारीक खड्डे पडत. ते घालवायचे तर नळी आतून घासायची. घासली की धातू जातो, व्यास वाढतो, भिंत पातळ होते. व्यास मूळ मापापेक्षा इंचाच्या शंभराव्या भागाने वाढला, की ब्रिटिश नियमानुसार ती बारा बोअर बंदूक कसोटीबाहेर गेली, शिक्का कितीही ठसठशीत असला तरी.

७/
दोन बंदुका शेजारी ठेवल्या आहेत असे समजू. एकीच्या नळीत फिकट खड्डे दिसतात, तिच्यावर ‘१२’ कोरले आहे आणि मोजल्यावर व्यास ०.७३५ भरतो. दुसरीची नळी आरशासारखी लखलखते, तिच्यावर ‘१३’ कोरले आहे आणि व्यास भरतो ०.७२२. नवखे गिऱ्हाईक दुसरीला जास्त पैसे मोजेल. पहिली मात्र कसोटीच्या आत आहे आणि दुसरी बाहेर. दुसरीची लकाकी म्हणजे तिच्या अंगातून गेलेल्या पोलादाचा हिशेब आहे. ‘नळ्या आरशासारख्या आहेत’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडून आले, की खरे तर मापक बाहेर काढण्याची वेळ झाली असे समजावे.

८/
व्यासाखेरीज भिंतीची जाडीही मोजावी लागते आणि ती प्रूफच्या शिक्क्यात लिहिलेली नसते. जाणकारांच्या व्यवहारात इंचाचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२० इंच, ही सर्वसाधारण खालची मर्यादा मानली जाते. त्याखाली किंमत झपाट्याने उतरते. दोन्ही मापे घेणारी साधने चांगल्या बंदूक-दुरुस्ती कारागिराकडे असतात. त्याची मजुरी बंदुकीच्या किमतीच्या मानाने नगण्य. तरी ती वाचवण्याची वृत्ती इतकी सार्वत्रिक आहे, की हा सारा बाजार त्या कंजूषपणावरच चालतो असे म्हटले तरी चालेल.

९/
साधनांशिवायही काही कळते. नळ्या एका बोटावर लोंबकळत धरून बोटाच्या पेराने हलकेच वाजवल्या, तर डाख शाबूत असलेली जोडी घंटेसारखी घुमते. पट्टी सुटलेली असेल तर भद्द आवाज येतो. नळीतून उजेडाकडे पाहताना आतली प्रकाशवर्तुळे कुठे वाकडी झाली, तर तिथे पोचा आहे. पुढची लाकडी मूठ काढून नळ्या हलवून पाहिल्या आणि त्या डुगडुगल्या, तर बिजागरी झिजली आहे. आणि सगळ्यांत बोलका पुरावा स्क्रूंच्या खाचांचा. उत्तम बंदुकीत त्या एका रेषेत, कडा तीक्ष्ण ठेवून बसवलेल्या असतात. त्या चेपलेल्या आणि फिस्कटलेल्या दिसल्या, तर आत कोणा हौशी माणसाचा हात फिरला आहे. नळी, मधला पोलादी सांगाडा आणि पुढची मूठ या तिन्हींवरचा क्रमांक एकच आहे ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

१०/
आता नावाकडे वळू. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, बॉस ही लंडनची नावे त्यांच्या कामामुळे महाग आहेत, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो उरलेल्या शेकडो नावांबद्दल. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या एका मोहल्ल्यात नळी घडवणारा वेगळा, कळ बसवणारा वेगळा, दस्ता तासणारा वेगळा आणि नक्षी कोरणारा वेगळा अशी कारागिरांची वस्तीच होती. तयार माल इंग्लंडच्या गावोगावच्या आणि वसाहतींमधल्या दुकानदारांकडे जाई आणि नाव पडे दुकानदाराचे. १८७५ साली अँसन आणि डीली या दोघांनी वेस्टली रिचर्ड्स कंपनीत बॉक्सलॉक नावाची सुटसुटीत कळ पेटंट केली, तेव्हापासून तर अशा बंदुकांचा पूर आला. पट्टीवरचे नाव म्हणजे पुष्कळदा दुकानाची पाटी, एवढेच.

११/
हिंदुस्थानात सापडणाऱ्या दुनळ्यांना हे नेमके लागू पडते. कलकत्त्याचे मँटन, कलकत्त्याचेच रॉडा, किंवा आर्मी अँड नेव्ही ही नावे इथल्या जुन्या बंदुकांवर वारंवार दिसतात. आर्मी अँड नेव्ही हे लंडनचे सहकारी भांडार. त्याच्या मुंबईच्या शाखेची देखणी इमारत काळा घोडा भागात आजही उभी आहे. साहेबाला तिथे साबणापासून तंबूपर्यंत सारे मिळे आणि बंदूकही मिळे. ती बंदूक भांडाराने घडवलेली नसे, पुष्कळदा वेब्लीसारख्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून आलेली असे. अशा बंदुकीला कमी लेखण्याचे कारण नाही, उलट ती बहुधा भक्कम आणि कामाची असते. फक्त तिला लंडनच्या उंची बंदुकीचा भाव देऊ नये.

१२/
रॉडाच्या बाबतीत गोष्टीचा भाव कसा लावला जातो, हे पाहण्यासारखे आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगालच्या क्रांतिकारकांनी या दुकानाचा माल पळवला. जकात कचेरीतून सोडवलेल्या २०२ पेट्यांपैकी १९२ गोदामात पोचल्या आणि १० वाटेतून नाहीशा झाल्या. त्यात ५० माउझर पिस्तुले आणि सुमारे ४६,००० काडतुसे होती. ही घटना इतकी प्रसिद्ध आहे, की पट्टीवर ‘रॉडा’ दिसताच दुनळीलाही क्रांतीचे वलय चिकटवले जाते. पळवलेल्या मालाची नोंद मात्र स्पष्ट आहे: पिस्तुले आणि त्यांची काडतुसे. त्या दिवशी दुकानात राहिलेल्या किंवा आधीच कोण्या चहामळेवाल्याला विकलेल्या दुनळीचा त्या धाडसाशी संबंध नाही. गोष्ट खरी असूनही वस्तूचे मोल तिने एका रुपयाने वाढत नाही, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

१३/
नावांची सरळ नक्कलही होती. बेल्जियममधील लिएज शहर स्वस्त बंदुकांचे मोठे केंद्र होते. तिथल्या काही मालावर ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ असे नाव कोरले जाई. घाईत वाचणाऱ्याला ‘वेस्टली रिचर्ड्स’ आठवावे, हा हेतू. पट्टी खोटे बोलली, तरी नळीचे बूड बोलत नसे. तिथे लंबवर्तुळात ‘ईएलजी’ ही अक्षरे, म्हणजे लिएजच्या कसोटीचा शिक्का, ठळक दिसतो. लिएजमध्येही उत्कृष्ट कारागीर होते. तिथली प्रत्येक बंदूक हलकी नव्हे. हलके आहे ते नावाचे सोंग.

१४/
पिळाच्या नळ्यांविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण तरुण संग्राहक सर्वाधिक भुलतो तो त्यांनाच. लोखंड आणि पोलादाच्या कांड्या एकत्र पिळून, त्यांची पट्टी गुंडाळून, तापवून ठोकून ही नळी घडते आणि तिच्यावर तलवारीच्या जोहरासारखी नक्षी उमटते. अशी नळी म्हणजे हातबॉम्ब, अशी एक समजूत आहे. अशी नळी अजरामर, अशी दुसरी. दोन्ही चूक. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने १८९१ च्या सुमारास केलेल्या तौलनिक चाचण्यांत तीन कांड्यांच्या इंग्रजी लॅमिनेटेड नळीने त्या काळच्या नव्या पोलादी नळ्यांनाही मागे टाकले होते. परंतु ती नळी तेव्हा नवी होती. सव्वाशे वर्षांनंतर सांध्यांच्या आत गंज कुठवर गेला आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. काळ्या दारूच्या कसोटीवर उतरलेल्या नळीत आजचे धूररहित दारूचे काडतूस घालणे हा निव्वळ अविचार होय. तिची किंमत भिंतीवर टांगण्याजोग्या सुंदर वस्तूची मानावी. वापराची किंमत फक्त अलीकडची कसोटी असेल तरच.

१५/
ब्रिटनमध्ये साध्या बॉक्सलॉक दुनळीचा भाव गेल्या काही दशकांत इतका उतरला आहे, की चांगल्या स्थितीतली बंदूकही लिलावात काही शे पौंडांत मिळू शकते. एक कारण म्हणजे नेमबाजांची पसंती शेजारी-शेजारी नळ्यांवरून वर-खाली नळ्यांच्या बंदुकीकडे वळली. दुसरे कारण शिसे. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या नऊ शिकार व ग्रामीण संघटनांनी पाच वर्षांत शिशाचे छर्रे स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन केले. पोलादी छर्रे कठीण असतात आणि पातळ भिंतीच्या, घट्ट चोकच्या जुन्या नळ्यांना ते मानवत नाहीत. म्हणजे बंदुकीत काहीही बिघडले नसताना काडतूस बदलले आणि भाव उतरला. त्याच बाजारात लंडनच्या उत्तम साइडलॉकला अजूनही हजारो पौंड मोजले जातात, आणि सोन्यात ‘१’ व ‘२’ जडवलेली मूळ जोडी एकत्र असेल, तर ती दोन सुट्या बंदुकांच्या बेरजेपेक्षा महाग जाते.

१६/
भारतातला भाव मात्र वेगळ्याच कारणाने ठरतो. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना सूट दिली. त्यामुळे परवान्याची दुनळी ही हत्याराइतकीच सरकारदरबारच्या मर्जीची खूण बनली. वाड्याच्या दिवाणखान्यात ती टांगली जाई, ते शिकारीपेक्षा त्या मर्जीसाठी. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा दरवाजा बंद झाला आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयातही जवळजवळ थांबली. आयात थांबल्याने परदेशी पिस्तुले आणि रिव्हॉल्वर यांचे भाव भलतेच चढले. दुनळीचे चढले नाहीत. स्वसंरक्षणासाठी परवाना काढणाऱ्याला ती लांब, जड आणि गैरसोयीची वाटते.

१७/
त्यात २०१९ ची दुरुस्ती आली. एका परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली गेली. वारशाने मिळालेली शस्त्रेही त्याच मर्यादेत मोजली गेली आणि तिसरी बंदूक वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला सांगितले गेले. प्रत्येक घरात मग एकच हिशेब झाला: पिस्तूल ठेवायचे, रायफल ठेवायची आणि आजोबांची दुनळी काढायची. सर्वांनी एकदम विकायला काढलेली आणि घेणाऱ्याकडे जागाच नसलेली वस्तू काय भावाने जाणार? सार्वजनिक हातांतली शस्त्रे कमी करण्याचा कायद्याचा हेतू समजण्यासारखा आहे. पण शंभर वर्षांची दुनळी आणि कालचे पिस्तूल यांना एकाच मापाने मोजणे ही त्यातली ढोबळ चूक होती, आणि तिची किंमत वस्तूंनी मोजली.

१८/
‘पुरातन वस्तू आहे, परवाना लागत नाही’ हा विक्रेत्यांचा आवडता दिलासा असतो. त्यावर विसंबणे धोक्याचे. १९५९ च्या अधिनियमातली सूट कालबाह्य किंवा पुरातन मोलाच्या शस्त्रांसाठी आहे खरी, पण व्यवहारात प्रश्न विचारला जातो तो एकच: ही बंदूक, दुरुस्त करून का होईना, उडू शकते का? १९०५ ची बारा बोअर दुनळी उडते आणि तिचे काडतूस आजही बाजारात मिळते. म्हणून तिला परवाना लागतो. आपल्या परवान्यावर जागा असल्याशिवाय आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी हातात आल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही देऊ नये.

१९/
खरा घात होतो तो मालक वारल्यावर. परवाना त्याच्या नावाचा असतो. वारसाने वेळेत अर्ज केला नाही, तर बंदूक जमा होते आणि ओलसर कोठडीत पडून राहते. घाबरलेले वारस कधी ती कवडीमोलाने देऊन टाकतात, तर कधी विकण्यापूर्वी ‘नवीन दिसावी’ म्हणून घासून-पुसून तिला चकचकीत मुलामा देतात. या शेवटच्या प्रेमळ उपचारात शिक्के पुसट होतात, क्रमांक बुजतो आणि जिच्यावरून ती कोणी, कधी, कुणासाठी घडवली हे कळले असते, ती अक्षरे पॉलिशच्या चाकाखाली जातात. बंदुकीवरचा क्रमांक किंवा ओळखचिन्ह जाणूनबुजून खोडणे हा १९५९ च्या अधिनियमानुसार अपराध आहे, हेही अनेकांच्या गावी नसते.

२०/
या क्रमांकाचे मोल किती, हे एका उदाहरणाने कळेल. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांच्या जुन्या नोंदवह्या टिकून आहेत. अनुक्रमांक कळवला, तर बंदूक कोणत्या वर्षी, कोणासाठी, किती लांबीच्या नळ्यांची केली, याचा शोध घेता येतो. ‘ही अमुक महाराजांची’ या वाक्याला या नोंदीचा आधार मिळाला, तर त्यासाठी वाढीव किंमत देणे न्याय्य आहे. आधार नसेल तर ते वाक्य ऐकून घ्यावे, हवे तर त्याचा आनंद घ्यावा, आणि भाव बिनगोष्टीच्या बंदुकीचा लावावा. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयासारख्या ठिकाणी शस्त्राची मालकी वेगळी सिद्ध करावी लागत नाही, कारण ते ज्या घराचे त्याच घरात आहे. बाजारात फिरलेल्या बंदुकीला ही सोय नाही. तिच्यामागे फक्त वही आणि शिक्का.

२१/
म्हणून ज्यांच्या घरी अशी दुनळी परवान्यावर आहे, त्यांनी भाव विचारण्यापूर्वी काही कामे करावीत. नळ्या उतरवून बुडाच्या सपाट भागाचे तिरप्या उजेडात छायाचित्र घ्यावे, म्हणजे पुसट शिक्केही उठून दिसतात. तिन्ही ठिकाणचे क्रमांक लिहून ठेवावेत. परवान्याच्या जुन्या पुस्तिका, काडतुसांच्या पावत्या, बंदुकीची चामड्याची किंवा ओकची पेटी आणि तिच्या झाकणातला दुकानाचा कागद यांपैकी काहीही टाकू नये. दोन मापे कारागिराकडून लिहून घ्यावीत. आणि घासू नये, चमकवू नये. पातळ तेलाचा हात पुरे.

२२/
घेणाऱ्याने आपली बोली या क्रमाने बांधावी: आधी नळीत उरलेला धातू, मग बिजागरी आणि दस्ता, मग मूळ भागांची एकवाक्यता, त्यानंतर घडवणाऱ्याचे नाव आणि अखेरीस कागदाने सिद्ध झालेली कहाणी. आज बोली नेमकी उलट्या टोकाने बांधली जाते. आणखी एक गोष्ट भारतीय गिऱ्हाइकाच्या बाजूची आहे. शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, असे पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ सांगतो. तेव्हा १९२० पूर्वीच्या दुनळीची तुलना लंडनच्या लिलावातल्या आकड्याशी करून ‘तिकडे हिचे अमुक लाख येतील’ असे कोणी सांगू लागला, तर त्याला शांतपणे नळ्या उतरवायला सांगावे आणि मापक पुढे करावे.